अपघाताची भरपाई आणि दिवाळखोरीचा अर्ज

प्रश्न : चौदा महिन्यांपूर्वी माझ्या थांबलेल्या गाडीला मागून ट्रकने धडक दिली. मणक्याची शस्त्रक्रिया झाली. वकील नेमला आहे, पण कोर्टात दावा अजून लावलेला नाही. दरम्यान नोकरी गेली, क्रेडिट कार्डांचं कर्ज वाढलं. आता चॅप्टर ७ (मालमत्ता विकून देणी भागवायची आणि उरलेलं कर्ज माफ करून घ्यायचं, ती दिवाळखोरी) खाली अर्ज करायचा विचार आहे. दावाच लावलेला नसल्याने अर्जात तो दाखवायची गरज नाही, असं एक मित्र म्हणतो. भाड्याच्या घरात राहतो. — एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : मित्राचं ऐकलंत तर भरपाई हातची जाईल. दिवाळखोरी कायद्याच्या कलम ५४१ प्रमाणे अर्जाच्या दिवशी तुमच्या मालकीचं जे असेल ते सगळं ‘इस्टेट’मध्ये, म्हणजे देणी भागवण्यासाठीच्या मालमत्तेत, जमा होतं. भरपाई मागण्याचा हक्क तुम्हाला धडक बसली त्याच दिवशी मिळाला. कोर्टाचा शिक्का ही पुढची गोष्ट. शेड्यूल ए/बी (अर्जातली मालमत्तेची यादी) मधली ३३वी ओळ नेमकी यासाठीच आहे: दावा लावलेला असो वा नसो, पैसे मागितलेले असोत वा नसोत, तिसऱ्या व्यक्तीवरचा हक्क तिथे लिहायचा. अपघाताची तारीख, समोरचा पक्ष, तुमचा वकील, सगळं लिहा. रक्कम ठरलेली नसेल तर ‘अज्ञात’ लिहिता येतं. शून्य मात्र लिहू नका.

लपवलेला दावा सापडतो कसा? फारसं शोधावंच लागत नाही. दिवाळखोरीची कागदपत्रं सार्वजनिक असतात आणि विमा कंपनीचे वकील ती नेमाने तपासतात. शपथेवर ‘दावा नाही’ म्हणालात आणि दुसऱ्या कोर्टात त्याच दाव्यावर पैसे मागता, असा आक्षेप घेऊन ते खटलाच फेटाळायला लावतात. याला ‘ज्युडिशियल इस्टॉपेल’ म्हणतात. शिवाय न दाखवलेला दावा प्रकरण बंद झाल्यावरही इस्टेटचाच राहतो, तुमच्याकडे परत येत नाही. खरोखर विसरला असाल तर प्रकरण चालू असेपर्यंत शेड्यूल केव्हाही दुरुस्त करता येतं. बंद झालं असेल तर ते पुन्हा उघडण्यासाठी अर्ज करावा लागतो, त्याची फी २६० डॉलर. स्वतःहून केलेली दुरुस्ती आणि पकडले गेल्यावर केलेली दुरुस्ती यांत न्यायाधीश फरक करतातच.

आता हिशेब. दावा दाखवला म्हणजे पैसे गेले असं नाही. न्यू जर्सीत फेडरल सवलती, म्हणजे केंद्रीय कायद्याने धनकोंपासून वाचवता येणाऱ्या रकमा, घेता येतात. बऱ्याच राज्यांत त्या चालत नाहीत, तिथे राज्याच्या स्वतःच्या सवलती लागतात. गेल्या ७३० दिवसांत तुम्ही राज्य बदललं असेल, तर साधारणपणे आधीच्या राज्याचा कायदा लागू होतो. १ एप्रिल २०२५ पासून दाखल होणाऱ्या अर्जांना शारीरिक इजेच्या भरपाईसाठी ३१,५७५ डॉलरची सवलत आहे. त्याखेरीज कोणत्याही मालमत्तेला लावता येणारी ‘वाइल्डकार्ड’ सवलत आहे १,६७५ डॉलरची. स्वतःचं घर नसल्यामुळे न वापरलेल्या घर-सवलतीतले आणखी १५,८०० डॉलर तिच्यात मिळवता येतात. समजा ७५,००० ला तडजोड झाली. वकिलाचा एक-तृतीयांश, म्हणजे २५,०००, खटल्याचा खर्च ३,००० आणि इस्पितळाच्या लीएनचे (थकलेल्या बिलापोटी भरपाईवरच्या हक्काचे) ९,००० गेले की उरतात ३८,०००. दोन्ही सवलती मिळून ४९,०५० होतात, म्हणजे कागदावर सगळी रक्कम वाचते.

‘कागदावर’ म्हणण्याचं कारण आहे. ३१,५७५ ची सवलत इजेपुरतीच आहे. वेदना व मनस्तापाची भरपाई आणि प्रत्यक्ष आर्थिक नुकसानीची भरपाई कायद्याने तिच्यातून वगळली आहे. भविष्यातल्या बुडालेल्या कमाईसाठी वेगळी सवलत आहे; तिला डॉलरची मर्यादा नाही, पण कुटुंबाच्या उदरनिर्वाहाला आवश्यक तेवढीच मिळते. तडजोडीचा करार ‘सर्व दाव्यांपोटी एकरकमी’ असा मोघम असेल तर यावरूनच ट्रस्टीशी (इस्टेट सांभाळायला नेमलेल्या अधिकाऱ्याशी) वाद होतो. कोणती रक्कम कशापोटी, हे करारात फोडून लिहायला लावा आणि त्या आकड्यांना वैद्यकीय कागदांचा आधार ठेवा. सवलतीवर आक्षेप घ्यायला ट्रस्टीला ‘३४१ मीटिंग’ (अर्जदाराला शपथेवर प्रश्न विचारतात ती बैठक) संपल्यापासून ३० दिवस असतात.

अर्ज केल्यावर दाव्याचा मालक ट्रस्टी होतो. तडजोडीवर तुमची सही चालत नाही. ती ट्रस्टी करतो आणि तिला कोर्टाची मंजुरी लागते. अपघाताच्या वकिलाला काम चालू ठेवायचं असेल तर ट्रस्टीने कोर्टाकडून त्याची ‘स्पेशल कौन्सेल’ (त्या एका कामापुरता वकील) म्हणून नेमणूक करून घ्यावी लागते. ती नसेल तर त्याची फीच धोक्यात येते. म्हणून अर्ज करण्याआधी दोन्ही वकिलांची एकमेकांशी गाठ घालून द्या. ही साधी गोष्ट राहून जाते आणि मग प्रकरण महिनोन्‌महिने रखडतं.

मुदतही सांभाळा. न्यू जर्सीत दावा लावायला अपघातापासून दोन वर्षं मिळतात, त्यातले चौदा महिने तुमचे गेले. मुदत संपायच्या आत दिवाळखोरी दाखल झाली तर कलम १०८ खाली ट्रस्टीला अर्जापासून निदान दोन वर्षं मिळतात. पण ही सोय ट्रस्टीसाठी आहे. किफायतशीर नाही म्हणून त्याने दावा सोडून दिला, तर तुमच्या हाती मूळ मुदतीतलं उरलंसुरलंच राहील. दहा महिन्यांनंतरची ती तारीख आजच लिहून ठेवा.

प्रश्न : माझी तडजोड पूर्ण होऊन पैसे मिळाले. त्यातून भावाचे उसने ८,००० डॉलर लगेच फेडले. आता अर्ज करायचा आहे. अडचण येईल का?

उत्तर : येऊ शकते, आणि भावालाच येईल. नातेवाईक कायद्याने ‘इनसायडर’ ठरतो. सामान्य धनकोला दिलेले पैसे ट्रस्टी ९० दिवस मागे जाऊन तपासतो, इनसायडरच्या बाबतीत मात्र एक वर्ष. त्या काळात तुम्ही कर्जबाजारी होता हे दाखवता आलं, तर ट्रस्टी भावाकडून पैसे वसूल करू शकतो. अर्जात या परतफेडीचा प्रश्न स्पष्टपणे विचारलेला असतो, म्हणजे गप्प बसण्याचा मार्ग नाही. देणेकऱ्यांचा तगादा सोसवत असेल तर परतफेडीला वर्ष होईपर्यंत थांबण्याबद्दल वकिलाशी बोला. उरलेले पैसे वेगळ्या खात्यात ठेवा. पगाराच्या खात्यात मिसळले की कोणता डॉलर भरपाईचा हे सिद्ध करणं जिकिरीचं होतं.

प्रश्न : चॅप्टर १३ चे, म्हणजे मंजूर योजनेप्रमाणे कर्ज फेडण्याच्या दिवाळखोरीचे, हप्ते चालू असताना अपघात झाला. हा दावा तर अर्जानंतरचा आहे, मग तो माझाच ना?

उत्तर : चॅप्टर ७ असता तर हो. चॅप्टर १३ मध्ये कलम १३०६ मुळे योजना चालू असताना मिळालेली मालमत्ताही इस्टेटमध्ये येते. तुमच्या जिल्ह्यात योजना मंजूर झाल्यावर काय होतं ते वकिलाला विचारा, पण ट्रस्टीला कळवण्यात आणि शेड्यूल दुरुस्त करण्यात दिरंगाई नको. दावा चालवायचा अधिकार मात्र इथे तुमच्याकडेच राहतो. तडजोडीला कोर्टाची मंजुरी घ्या आणि रक्कम मोठी असली तर हप्ता वाढवण्याची मागणी होईल हे धरून चाला.