पोपसारखा एकच प्रमुख ज्यू आणि मुसलमानांना का नाही?

तुम्ही विचारलंय की कॅथलिकांना जसे पोप, तसा ज्यूंचा आणि मुसलमानांचा जगभरचा प्रमुख कोण; आणि कोणीच नसेल, तर चुकीचा निर्णय देणाऱ्या धर्मगुरूला काढतं कोण?

पहिल्याचं उत्तर सोपं आहे: कोणी नाही. ज्यूंना नाही, सुन्नी मुसलमानांना नाही, आणि जगातले जवळपास निम्मे ख्रिश्चनही पोपना आपला प्रमुख मानत नाहीत. एवढ्यावर थांबता आलं असतं. पण याच मुद्द्यावरून मी एकदा एका संदर्भग्रंथाच्या कामात कडाक्याचं भांडलेय, त्यामुळे थोडं सविस्तर लिहिते.

त्या ग्रंथात एका पानाचा तक्ता करायचा होता. तीन धर्म, तीन स्तंभ, वर 'सर्वोच्च धर्मप्रमुख' असा चौकोन आणि तिथून खाली बाण. ख्रिश्चनांचा स्तंभ मुख्य संपादकांनी स्वतःच भरून दिला होता: पोप, कार्डिनल, आर्चबिशप, बिशप, धर्मगुरू. (ऑर्थोडॉक्स आणि प्रोटेस्टंट कुठे गेले, हे विचारायची तेव्हा सोय नव्हती.) उरलेले दोन स्तंभ माझ्याकडे आले. मी दोन्हींच्या वरच्या चौकोनात 'नाही' असं लिहिलं. तक्ता परत आला. "रिकामा रकाना छापायचा नाही." रकाना रिकामा नाही, त्यात उत्तर आहे, असं मी म्हटलं. त्यावर ते म्हणाले, "नाही ही माहिती नसते."

हे वाक्य मी अजून विसरलेले नाही. या विषयातली सगळ्यात महत्त्वाची माहिती 'नाही' हीच आहे.

मग त्यांनीच नावं सुचवली: ज्यूंसाठी इस्रायलचे मुख्य रब्बी (ज्यूंचे धर्मपंडित), मुसलमानांसाठी मक्केचे इमाम. इस्रायलमध्ये मुख्य रब्बी दोन असतात, एक अश्केनाझी (युरोपीय परंपरेचा) आणि एक सेफार्दी (स्पेन आणि मध्यपूर्वेकडच्या परंपरेचा), 1921 पासून ही जोडी चालत आलीय, असं मी सांगितलं. "मग मोठा असेल तो लिहा." दोघांत मोठा कोणी नाही. शिवाय इस्रायलमधल्या ज्यूंची लग्नं आणि घटस्फोट त्यांच्या अखत्यारीत असले, तरी न्यूयॉर्कमधला रब्बी त्यांचं ऐकायला बांधलेला नाही. मक्केच्या मशिदीतल्या इमामांचं म्हणाल तर त्यांची नेमणूक सौदी राजसत्ता करते. त्यांचा मान मोठा आहे, पण त्यांचा शब्द इतर देशांतल्या मुसलमानांवर बंधनकारक नाही.

ज्यूंकडे एकेकाळी वरचा चौकोन होता. जेरुसलेमचं मंदिर होतं, त्याचा महायाजक होता. इ.स. 70 मध्ये रोमन सैन्याने मंदिर जाळलं आणि यज्ञबळींबरोबर याजकांचं कामच संपलं. योहानान बेन झक्काई या पंडितांनी यावने गावी अभ्यासाचं केंद्र उभं केलं आणि हळूहळू अधिकार वंशाकडून विद्येकडे गेला. रब्बी म्हणजे शिकलेला, निर्णय देऊ शकणारा माणूस. सामूहिक प्रार्थनेला दहा जण लागतात, त्यात रब्बी असलाच पाहिजे असं नाही.

मी संपादकांना तालमूदमधली, म्हणजे रब्बींच्या धर्मचर्चांच्या ग्रंथातली, भट्टीची गोष्ट सांगितली होती. एक भट्टी शुद्ध की अशुद्ध यावर वाद चालला होता. रब्बी एलिएझर एकीकडे, बाकी सगळे दुसरीकडे. एलिएझर म्हणाले, माझं बरोबर असेल तर हे झाड साक्ष देईल. झाड मुळासकट उपटून लांब जाऊन पडलं. ओढ्याचं पाणी उलटं वाहिलं, अभ्यासगृहाच्या भिंती कलल्या, शेवटी आकाशवाणीही त्यांच्याच बाजूने झाली. तेव्हा रब्बी यहोशुआ उभे राहिले आणि म्हणाले, तोरा (देवाने दिलेलं धर्मशास्त्र) आता स्वर्गात नाही. निर्णय बहुमताने झाला, एलिएझर यांच्या विरोधात. पुढे त्यांच्यावर बहिष्कारही घातला गेला, तेव्हा ही गोष्ट फार गोड आहे असं समजू नका. पण ज्या परंपरेत आकाशवाणीलाही मत मिळत नाही, तिच्या डोक्यावर एक माणूस कसा बसवणार?

"म्हणजे अराजक," संपादक म्हणाले.

इथे माझा आवाज चढला. ज्यांना प्रमुख आहे त्यांच्याकडे अराजक झालं नाही का? 1378 मध्ये एकाच वेळी दोन पोप झाले, एक रोममध्ये, एक फ्रान्समधल्या आव्हीन्याँमध्ये. 1409 मध्ये तंटा मिटवायला पीसाला धर्मपरिषद भरली आणि तिने तिसरा निवडला. तिघेही एकमेकांना खोटे ठरवत होते. कॉन्स्टन्सच्या परिषदेने 1417 मध्ये मार्टिन पाचवे यांना निवडलं तेव्हा कुठे ते निस्तरलं. पोपचा शब्द विशिष्ट परिस्थितीत अचूक असतो हा सिद्धांतही 1870 साली अधिकृत झाला. त्यानंतर पोपनी तो अधिकार उघडपणे एकदाच वापरलाय, 1950 मध्ये, मरियेच्या सदेह स्वर्गारोहणाबद्दल. सर्वोच्च चौकोनात बसलेला माणूससुद्धा त्याच्या आजूबाजूचे किती मान्य करतील ते बघूनच बोलतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि इस्लाममध्ये वरून हुकूम काढायचा प्रयत्न झालेला आहे. 833 मध्ये खलिफा (मुस्लिम साम्राज्याचा प्रमुख) मामूनने फर्मान काढलं की कुराण निर्मित आहे, अनादि नाही, हे प्रत्येक विद्वानाने मान्य करावं. अहमद इब्न हनबल या विद्वानांनी नकार दिला. पुढच्या खलिफाने त्यांना फटके मारले, तरी ते बधले नाहीत. काही वर्षांनी खलिफा मुतवक्किलने हे सगळं गुंडाळलं. आज सुन्नींच्या चार विधिपरंपरांपैकी एक इब्न हनबल यांच्या नावाने चालते, मामूनच्या नावाने एकही नाही. उस्मानी खिलाफत 1924 मध्ये तुर्की संसदेने रद्द केली, तरी नमाज, निकाह, वारसाहक्क यांवर मुफ्तींना (धर्मशास्त्रानुसार मत देणाऱ्या विद्वानांना) विचारणं एक दिवसही थांबलं नाही.

याच्या उलट उदाहरण इराणचं. शाहने तंबाखूचा सगळा मक्ता एका इंग्रजाला देऊन टाकला होता. डिसेंबर 1891 मध्ये इराकमधल्या सामर्‍याला राहणाऱ्या शिया धर्मपंडित मिर्झा शिराझी यांच्या नावाने फतवा आला की तंबाखू ओढणं निषिद्ध. शिराझींकडे सैन्य नव्हतं, ते शाहच्या राज्यातही राहत नव्हते. तरी हुक्के विझले, शाहच्या जनानखान्यातलेसुद्धा. पुढच्याच महिन्यात मक्ता रद्द झाला. शिराझींना त्या गादीवर कोणी मतदानाने बसवलं नव्हतं. लोक त्यांना विचारत होते आणि त्यांचं उत्तर पाळत होते, एवढाच त्यांचा अधिकार. हे त्या तक्त्याच्या बाणात कसं दाखवायचं ते मला अजूनही कोणी सांगावं.

तक्ता शेवटी त्यांच्या मनासारखा छापला गेला आणि मी त्या विभागावरून माझं नाव काढायला लावलं. तुम्हाला असा तक्ता कुठे दिसला तर त्यावर विसंबू नका. घटस्फोट किंवा वारसा यांसारखा अवघड प्रश्न पडला की त्या समाजातली माणसं कोणाकडे जातात ते बघा. मनाविरुद्ध उत्तर मिळालं तरी ती ते पाळतात का, तेही बघा.

काही अपवाद सांगायला हवेत. बारा इमामी शिया पंथात मरजांची (ज्यांचे निर्णय लोक पाळतात अशा ज्येष्ठ धर्मशास्त्र्यांची) उतरंड बरीच स्पष्ट आहे, आणि इराणमध्ये 1979 नंतर एका धर्मशास्त्र्याच्या हाती राज्यसत्ताही आली. निझारी इस्माइली या शिया शाखेला तर आगाखान हे एकच हयात इमाम (इथे अर्थ सर्वोच्च धर्मनेते) आहेत, म्हणजे तिथे संपादकांचा चौकोन भरता आला असता.

आता काढतं कोण. कॅथलिक धर्मगुरूला त्याचा बिशप कामावरून दूर करू शकतो, दीक्षेचे अधिकार काढून घ्यायचे तर प्रकरण रोमपर्यंत जातं. खुद्द पोपचा न्याय करणारं न्यायपीठ चर्चच्या कायद्यात नाही. रब्बीला त्याचं सिनेगॉग (प्रार्थनास्थळ) नोकरीवरून काढतं, पण तो रब्बी राहतोच, फक्त विचारायला कोणी येत नाही. सरकारने नेमलेल्या मुफ्तीला सरकार हटवतं. ज्याला कोणी नेमलंच नाही, त्याला हटवणारही कोणी नाही. 2005 मध्ये अम्मानला पन्नासहून जास्त देशांतल्या मुस्लिम विद्वानांनी फतवा कोणी द्यावा याच्या अटी एकमताने मान्य केल्या. त्या न पाळणाऱ्याचं काय करायचं, याचा अधिकार मात्र त्यांच्यापैकी कोणाकडेच नव्हता.