पेरियारला जायचंच तर तीन रात्री काढा

अमळनेरच्या ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही दोघं, ६८ वर्षांच्या सासूबाई आणि पाचवीतली मुलगी, दिवाळीच्या सुट्टीत सात दिवसांचा केरळ. मुन्नार, थेक्कडी, अलेप्पी आणि जमलं तर कन्याकुमारी. त्यात थेक्कडीच्या, म्हणजे पेरियारच्या जंगलाच्या, वाट्याला एक दुपार. बोट घ्यावी की जीप, आणि वाघ-हत्ती दिसतील का, असं तुम्ही विचारलंय.

मी रावेर तालुक्यातला केळीवाला. पेरियारला आजवर तीनदा जाऊन आलो. पहिल्या खेपेला नेमकी तुमच्यासारखीच आखणी होती. मुन्नारहून सकाळी निघालो, घाटात मुलाला उलट्या झाल्या, भर दुपारची बोट मिळाली. दीड तासात दिसली ती पाण्यात उभी असलेली वाळकी झाडं आणि लांबवर ठिपक्यांएवढी चार सांबरं. मुलगा रडवेला झाला, "यापेक्षा सातपुड्यातलं पालचं जंगल बरं" म्हणाला. चूक त्या जंगलाची नव्हती, आम्ही त्याला दिलेल्या वेळेची होती. म्हणून आधीच सांगतो: कन्याकुमारी आणि मुन्नार या खेपेला सोडा, थेक्कडीला तीन रात्री राहा. ते होणार नसेल तर थेक्कडीच गाळा, पण एका दुपारीसाठी एवढा घाट चढू नका.

कारण आपल्या डोळ्याला सवय आहे ती सातपुड्याच्या जंगलाची. यावल अभयारण्यात फेब्रुवारी-मार्चला साग आणि अंजन पानं टाकतात, रान उघडं पडतं, समोरच्या टेकडीवरचं जनावर इकडून दिसतं. ताडोब्याला गेला असाल तर तिथंही तेच, जिप्सीत बसा आणि पाणवठ्यावर नजर ठेवा. पेरियारचं सदाहरित रान असं कधी उघडं पडतच नाही. सगळी झाडं एकदम पानं गाळत नाहीत, त्यामुळे वरचं छत बारा महिने बंद. खाली भर दुपारीही संध्याकाळ झाल्यासारखा उजेड, आणि दहा पावलांवर गवा उभा असला तरी दिसणार नाही. वाघ तिथं आहेत, १९७८ पासून तो व्याघ्र प्रकल्प आहे. पण वाघ बघायचा म्हणून कुणी पेरियारला जाऊ नये. तिथं आधी कान लावावा लागतो. निलगिरी वानराचा घुमणारा हुंकार, धनेश डोक्यावरून गेला की त्याच्या पंखांचा वाफेच्या इंजिनासारखा फसफसाट, पहाटे ओढ्याकाठी शीळ घालणारा कस्तूर. मुलीला हे आधी सांगून ठेवा, म्हणजे ती वाघाची वाट बघत कंटाळणार नाही. शेकरू मात्र तिला नक्की दाखवता येईल. आपल्या महाराष्ट्राचा राज्यप्राणी तिथं जंगलाला लागूनच्या कुमिळी गावात हॉटेलांमागच्या झाडांवरसुद्धा उड्या मारतो.

आता तळ्याबद्दल. ते नैसर्गिक नाही. १८८७ ते १८९५ या काळात पेनिक्विक नावाच्या इंग्रज लष्करी इंजिनिअरच्या देखरेखीखाली मुल्लपेरियार धरण बांधलं गेलं, चुना आणि सुरखी (विटांची भुकटी) वापरून. पाणी अडलं, दरीतलं रान बुडालं, सुमारे २६ चौरस किलोमीटरचं तळं झालं. बोटीतून दिसणारे काळे खुंट त्या बुडालेल्या रानातले, सव्वाशे वर्षं पाण्यात उभे आहेत. त्यांच्यावर पाणकावळे आणि तिरंदाज पंख पसरून वाळवत बसतात. पहिल्या खेपेला ज्या झाडांना मी कंटाळलो, त्यांच्यासाठी आता मी दुर्बीण घेऊन जातो. तळ्याच्या भोवतीचा सुमारे ३५० चौरस किलोमीटरचा गाभा १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाला.

बोट घ्याच, पण सकाळची पहिली, साडेसातच्या सुमाराची. धुकं पाण्यावरून उठत असतं, काठावर गव्यांचा नाहीतर हत्तींचा कळप पाण्याला उतरलेला असण्याची शक्यता तेव्हाच जास्त. पाणमांजरांचं कुटुंबही सकाळीच दिसतं. तिकीट ऑनलाइन आधीच काढा, ओळखपत्रं सोबत ठेवा. स्वतःची गाडी थेट धक्क्यापर्यंत जात नाही. गाडी वाहनतळावर लावून वन खात्याच्या बसने आत जावं लागतं, तेव्हा सव्वासहाला तयार राहा. सासूबाईंना बोट झेपेल, चढउतार फारसा नाही. एकच गोष्ट कळकळीने सांगतो: लाइफ जॅकेट शेवटपर्यंत अंगावर राहू द्या आणि हत्ती दिसला तरी जागेवरून उठू नका. ३० सप्टेंबर २००९ ला याच तळ्यात बोट उलटून ४५ माणसं गेली. मुलीला हात धरून बसवा.

पण खरी सहल पायी आहे. वन खात्याच्या परवानगीने चालणाऱ्या दोन-तीन तासांच्या छोट्या फेऱ्या असतात, चार-पाच माणसांना एक वाटाड्या. दिवसभराची एक फेरी अशी की थोडं चालायचं, मग बांबूच्या तराफ्यावर बसून तळ्याच्या आतल्या फाट्यात जायचं, सोबत बंदूकधारी वनरक्षक. इंजिनचा आवाज नाही, त्यामुळे जनावर बुजत नाही. तराफ्यासाठी वयाची अट असते, मुलगी आणि सासूबाई दोघींचं वय सांगून आधी विचारा. सासूबाई त्या दिवशी मुक्कामीच राहतील, आणि तुमच्या दोघांपैकी एकाने मुलीसोबत छोटी फेरी करायची, दुसऱ्याने तराफ्यावर जायचं, असंही वाटून घेता येईल.

हे वाटाडे कोण आहेत ते जाणून घ्या. १९९० च्या दशकाच्या शेवटी तिथं एक मोठं काम झालं. जंगलातून रानदालचिनीची साल चोरून विकणाऱ्या, शिकार करणाऱ्या माणसांनाच वन खात्याने सोबत घेतलं, त्यांच्या समित्या केल्या आणि पर्यटकांना वाट दाखवायचं व राखण करायचं काम त्यांना दिलं. मन्नान आणि पलियन या आदिवासी समाजातली माणसंही या समित्यांमधून काम करतात. ज्याने लपून हे रान तुडवलंय त्याच्याइतकं ते कुणाला ठाऊक असणार? दुसऱ्या खेपेला आमचा वाटाड्या एका वळणावर थांबला, हवा हुंगली, हाताने मागे फिरायची खूण केली. आम्हाला काहीच कळलं नाही. पाच मिनिटांनी वरच्या बाजूला बांबू मोडल्याचा कडाका ऐकू आला. हत्ती आम्हाला दिसला नाही तो नाहीच. तरी ती सकाळ आजही माझ्या डोक्यात सगळ्यात लख्ख आहे. अशा माणसांना तिकिटापलीकडे हातावर काही द्यावं वाटलं तर जरूर द्या.

जीपचं विचारलंत. कुमिळीच्या बसस्टँडवर उतरलात की "जंगल सफारी" म्हणत माणसं गराडा घालतात. त्यातल्या बऱ्याच जीपा राष्ट्रीय उद्यानात जातच नाहीत. बाहेरचे चहामळे, एखादा धबधबा, एखादा कडा दाखवून परत आणतात. कडा सुंदर असतो, पण ती जंगलसफारी नव्हे. गाडीतूनच जंगल बघायचं असेल तर वंडिपेरियारवरून गवीला जायचा रस्ता आहे, त्यासाठी परवानगी आणि नोंदणी आधी लागते. हत्तीवरची रपेट विकणारेही भेटतील. ज्या जनावराला रानात मोकळं बघायला एवढ्या लांब आलो, त्याच्याच पाठीवर साखळदंडासकट बसू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

दिवाळी का नको तेही सांगतो. आपल्याकडे दिवाळीला आभाळ स्वच्छ होतं. तिकडे ऑक्टोबर-नोव्हेंबरला ईशान्य मोसमी पाऊस असतो. सकाळ कोरडी, दुपारनंतर विजा आणि धो धो. मग नोव्हेंबरच्या मध्यापासून मकरसंक्रांतीपर्यंत शबरीमलाची यात्रा. शबरीमला याच व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत आहे आणि तमिळनाडूतले लाखो यात्रेकरू कुमिळीवरून जातात. रस्ते, लॉज, बस, सगळं तुडुंब. म्हणून संक्रांतीनंतर जा, २६ जानेवारीची जोडसुट्टी टाळून. फेब्रुवारीचा पहिला-दुसरा आठवडा मला सगळ्यात बरा वाटतो. शाळा बुडेल हे खरं, पण बाईंना भेटून सांगा की मुलगी परत आल्यावर वर्गाला जंगलाबद्दल सांगेल. आमच्या मुलाच्या वेळी असंच केलं होतं. मार्च-एप्रिलला तळ्याचं पाणी उतरतं आणि जनावर काठावर जास्त येतं, पण तोवर परीक्षा लागतात. जून ते सप्टेंबर पहिल्यांदा जाणाऱ्याने, तेही वडीलधाऱ्यांना घेऊन, जाऊ नये.

जळवांना घाबरू नका. फेब्रुवारीत कमी असतात, पाऊस झाला तर निघतात. फेरीला जाताना गुडघ्यापर्यंतचे जाड कापडी मोजे देतात, ते पँटवरून घट्ट बांधायचे. चिकटलीच तर ओढू नका, मीठ लावा, आपोआप सुटते. रक्त थोडा वेळ वाहतं, पण दुखत नाही. मुलीला हेही आधी सांगा. कपडे मळखाऊ हिरवे-तपकिरी, छत्रीऐवजी रेनकोट, अत्तर-सेंट नको. कुमिळी साधारण ९०० मीटर उंचीवर आहे, रात्री गारवा असतो, सासूबाईंचं स्वेटर आणि कानटोपी घ्याच.

जायचं कसं? मंगला एक्सप्रेस भुसावळ-जळगाववरून कोकण रेल्वेने थेट एर्नाकुलमला जाते, साधारण दीड दिवसाचा प्रवास. आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, त्याच दिवशी सकाळी बसा. गाडीत दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि कैरीचं लोणचं असलं की जेवणाचा प्रश्नच नाही. एर्नाकुलमला त्या दिवशी मुक्काम करा, सासूबाईंना लगेच घाटात नेऊ नका. दुसऱ्या दिवशी कोट्टायमवरून बस किंवा गाडी. मुंडक्कयमनंतर घाट लागतो, पीरमेडला चहाचे मळे सुरू होतात. शाकाहारी जेवणाची काळजी करू नका. कुमिळी तमिळनाडूच्या अगदी सीमेवर आहे, गावातल्या रस्त्याच्या टोकालाच दुसरं राज्य. त्यामुळे तमिळ पद्धतीची शुद्ध शाकाहारी खानावळ सहज मिळते. भरीत-भाकरीची आठवण येईल, तेवढं सोसा.

सासूबाईंसाठी एक दुपार मसाल्याच्या बागेत काढा. सपाट वाटा, बसायला जागा. वेलदोडा मोठ्या झाडांच्या सावलीत, बुडाशी लागतो आणि मिरीचा वेल झाडावर चढतो, हे बघून आमच्या आईने बागवाल्याला इतके प्रश्न विचारले की दुभाषी म्हणून माझं हिंदी संपलं. वेलदोडा विकत घ्या, पण पहिल्याच दुकानात नको.

शेवटचा दिवस माझ्या आवडीचा आहे, ताई, आणि तो कुठल्याही टूरवाल्याच्या यादीत नसतो. कुमिळीवरून पूर्वेला घाट उतरा, कंबमकडे. वरचं ओलं, अंधारं रान अर्ध्या तासात संपतं आणि खाली कोरडी, उन्हाची दरी उघडते, आपल्यासारखीच. डोंगरावरून मोठमोठे पाइप उतरताना दिसतात. पेरियार नदी मुळात पश्चिमेला, अरबी समुद्राकडे वाहणारी. धरणाने अडवलेलं तिचं पाणी बोगद्यातून डोंगराच्या या बाजूला काढलंय, त्यावर वीज होते आणि मग ते वैगई नदीच्या खोऱ्यात जातं, थेट मदुराईच्या पलीकडे रामनाथपुरमपर्यंत. आणि त्या पाण्यावर काय उभं आहे? केळी! थेनी जिल्ह्यात मैलोन् मैल केळीच्या बागा, द्राक्षाचे मांडव. मी एका बागेच्या बांधावर गाडी थांबवली. भाषा येत नव्हती, पण घड, फण्या, ठिबकच्या नळ्या यांना भाषा लागत नाही. त्या शेतकऱ्याने मला पाटाचं पाणी दाखवलं आणि वर डोंगराकडे हात केला. घाटाच्या पायथ्याशी लोअर कॅम्पला धरण बांधणाऱ्या पेनिक्विकचं स्मारक आहे. तिथले शेतकरी जानेवारीत त्याच्या वाढदिवशी पोंगल शिजवतात. आमच्याकडे रावेर-यावलला बोअर दरवर्षी खोल जातात, जळगावला वर्षाचा पाऊस सातशे मिलिमीटरच्या आसपास. त्या बांधावर उभं राहिल्यावर मला वरचं अंधारं रान पहिल्यांदा नीट कळलं. पाऊस झेलून हळूहळू सोडणारं ते रान वर आहे म्हणून तळं भरतं, आणि तळं भरतं म्हणून खाली घड पोसतो.

परतीला तिथूनच मदुराई गाठा, कुमिळीपासून साधारण १४० किलोमीटर. मंदिर बघून रात्रीच्या गाडीने चेन्नई, आणि चेन्नई सेंट्रलहून नवजीवन एक्सप्रेसने जळगाव. मदुराईच्या बऱ्याच गाड्या चेन्नईला एग्मोरला उतरवतात, तिथून सेंट्रलला रिक्षाने जावं लागतं, म्हणून मध्ये निदान चार तास ठेवा. तारखा ठरल्या की इथं लिहा. तराफ्याची नोंदणी कोणत्या दिवशी ठेवायची ते तारखा बघून सांगतो, शनिवार-रविवार मात्र आत्ताच वगळा.