'अनंतात विलीन' सगळ्यांना चालेल का?

प्रश्न असा आला आहे: सोसायटीतले एक ख्रिस्ती गृहस्थ वारले. श्रद्धांजलीच्या फलकावर 'ब्रह्मलीन' नको हे सगळ्यांनाच पटलं. पण 'अनंतात विलीन' तर धर्मनिरपेक्ष आहे, तो का चालू नये? आणि 'ख्रिस्तवासी' हा 'कैलासवासी'वरून ओढूनताणून बेतलेला शब्द नाही का?

'अनंतात विलीन' दिसतो तितका तटस्थ नाही. 'ब्रह्म' काढून तिथे 'अनंत' बसवला, एवढंच. खरी गोम 'विलीन'मध्ये आहे. कोल्हापूर संस्थान १९४९ साली मुंबई राज्यात विलीन झालं आणि संस्थान म्हणून उरलं नाही, तसंच हे. मुंडकोपनिषदातल्या नद्या समुद्राला मिळतात त्या 'नामरूपे विहाय', म्हणजे नाव आणि रूप टाकून. ईश्वर आणि विश्व एकच, असा सर्वेश्वरवाद एकदा धरला की मरण म्हणजे वेगळेपणाचा भास सरणं, आणि त्यात दुःखाचं काही नाही. (शांकर अद्वैतात जग मिथ्या, त्यामुळे त्याला सर्वेश्वरवाद म्हणावं का हा वाद आहेच. ज्ञानदेवांचा चिद्विलास, म्हणजे जग हा चैतन्याचाच खेळ हा विचार, त्या नावाला अधिक जवळचा. पण फलकापुरतं ते राहू द्या.)

ख्रिस्ती श्रद्धेत देव निर्माता आणि माणूस त्याची निर्मिती. हा भेद मेल्यानंतरही मिटत नाही. यशयाच्या पुस्तकात देव आपल्या प्रजेला नावाने हाक मारतो. तिथे नाव टाकून देण्याला काही अर्थच राहत नाही. शिवाय पुनरुत्थान होतं ते देहासकट, त्याच माणसाचं. म्हणून मराठी ख्रिस्ती घरांत 'प्रभूमध्ये झोपी गेले' असं म्हणतात. झोपलेला माणूस उठणार असतो.

आता 'ख्रिस्तवासी'. घडण 'कैलासवासी'सारखीच आहे, पण म्हणून ती ओढूनताणून आणलेली ठरत नाही. 'वासी' म्हणजे राहणारा, आणि राहायला कोणीतरी शिल्लक लागतं. आपल्याकडे मुक्ती चार सांगितल्या आहेत: सलोकता (देवाच्या लोकात राहणं), समीपता (त्याच्या जवळ असणं), सरूपता (त्याच्यासारखं रूप मिळणं) आणि सायुज्यता (त्याच्याशी एकरूप होणं). 'वैकुंठवासी', 'कैलासवासी' हे सलोकतेचे शब्द, 'ब्रह्मलीन' सायुज्यतेचा. समर्थांनी दासबोधाच्या चौथ्या दशकाच्या शेवटच्या समासात पहिल्या तिन्ही नाशवंत ठरवून सायुज्यतेलाच शाश्वत म्हटलं आहे. तुकोबा मात्र उलट मागणं मागतात: 'नको ब्रह्मज्ञान आत्मस्थितिभाव । मी भक्त तूं देव ऐसें करीं'. थोडक्यात, ही तफावत पूर्व-पश्चिमेची म्हणून सांगितली जाते, पण ती देहू आणि सज्जनगड यांच्यातही आहे. रेव्हरंड ना. वा. टिळक आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं म्हणत, त्यातलं मर्म मला इथे दिसतं. दासबोधाच्या पुलावरून येणं त्यांना जड गेलं असतं!

त्याही आधीचा दाखला हवा असेल तर फादर स्टीफन्सचं १६१६ सालचं क्रिस्तपुराण बघा. पहिलीच ओवी: 'ओं नमो विश्वभरिता । देवा बापा सर्वसमर्था । परमेश्वरा सत्यवंता । स्वर्गपृथ्वीच्या रचणारा'. 'विश्वभरिता' हा एकटा वाचला तर कुठल्याही अद्वैत्याने मान डोलवावी. पण शेवटच्या चरणात 'रचणारा' येतो आणि भरणारा वेगळा, भरलेलं वेगळं हे स्पष्ट होतं. स्वर्गासाठी 'वैकुंठ' हा शब्दही या ग्रंथात बिनदिक्कत येतो. गोव्यात बसून मराठी लिहिणाऱ्या या इंग्रज जेझुइटाला (जेझुइट हा कॅथलिक धर्मगुरूंचा एक संघ) कोणता शब्द आपल्या कामाचा आहे हे बरोबर कळत होतं.

एक बारकावा. 'चरणी लीन' आणि 'विलीन' यांची गल्लत होते. 'लीन' म्हणजे नम्र असाही रूढ अर्थ आहे, त्यामुळे 'ख्रिस्तचरणी लीन' ठीक. 'ख्रिस्तचरणी विलीन' मात्र धेडगुजरी वाटतं: चरण म्हटले की दोघे आले आणि विलीन म्हटलं की एकच उरला. 'पंचत्वात विलीन'मध्ये तत्त्वाची अडचण कमी, कारण ते देहापुरतं आहे आणि माणूस मातीचा, तो मातीला जाणार हे उत्पत्तीच्या पुस्तकातही आहे. पण हा शब्द चितेशी इतका जोडला गेला आहे की दफन झालेल्या माणसासाठी तो कानाला खटकतो.

तेव्हा फलकावर 'ख्रिस्तवासी' लिहा, किंवा सरळ 'निधन'. 'देवाज्ञा झाली' हेही चालेल, आज्ञा देणारा आणि ऐकणारा त्यात वेगळे आहेत. 'पुढच्या जन्मीही असेच शेजारी लाभोत' हे हौसेने लिहिलं जातं, ते गाळा. इब्री लोकांस पत्रात माणसाला एकदाच मरायचं आणि मग न्याय, असं स्पष्ट सांगितलं आहे. 'आत्म्यास शांती लाभो'बद्दल घरच्यांना विचारून घ्या. कॅथलिक मृतांसाठी प्रार्थना करतात, प्रोटेस्टंट सहसा करत नाहीत. आणि छापखानेवाला सवयीने नावाआधी 'कै.' टाकेल, ते प्रूफ बघतानाच काढायला सांगा.