सनद मिळाली, परीक्षा बाकी आहे

वकिलीची सनद हातात आली म्हणून हुरळून जाऊ नकोस, बार कौन्सिलची परीक्षा अजून उरलीय. 100 प्रश्न, चुकीला गुण कापत नाहीत; तेव्हा एकही गोल रिकामा सोडू नको. टिपा नसलेली कायद्याची पुस्तकं आत नेता येतात, आणि इथंच आपली खानापूर-निपाणीकडची पोरं गाफील राहतात. पुस्तक समोर असून कलम सापडत नाही, आता काय बोलायचं! अनुक्रमणिका रोज चाळ. खुनाच्या शिक्षेचं कलम आता जुन्या दंड संहितेचं 302 नव्हे, भारतीय न्याय संहितेचं 103. फसवणुकीच्या 420 चं 318 झालंय. पेपर मराठीतून घेता येतो, पण कॉलेज इंग्रजीतून केलंयस ना? मग इंग्रजीच घे. आपल्याकडं, कर्नाटकातल्या कोर्टात, कन्नड लागणार, त्याची शिकवणी आत्ताच धर.