मित्रासोबत क्राफ्ट बिअर चाखून गुण द्यायची नीट पद्धत कोणती? आमचे आकडे कधीच जुळत नाहीत.

आकडे जुळलेच पाहिजेत असं कुणी सांगितलं? माझ्याकडे २०१६ पासूनची वही आहे. एक रकाना माझा, एक मित्राचा. त्यातला एक आकडा मला आजही सलतो.

पुण्यात २००९ मध्ये डूलाली ही स्वतःची बिअर बनवून विकणारी मायक्रोब्रुअरी सुरू झाली आणि बाटलीतल्या लागरपलीकडेही (लागर म्हणजे नेहमीची फिकट बिअर) बिअर असते हे आमच्यासारख्यांना कळायला लागलं. पुढे आणखी ठिकाणं निघाली, तसे आम्ही दोघं वही घेऊन फिरायला लागलो. एकदा मुंढव्याकडे बसलो असताना हेफेवायझेन आली, म्हणजे गव्हाची जर्मन बिअर. गढूळ सोनेरी, वर दाट पांढरा फेस, आणि ग्लास नाकाशी नेताच पिकलेलं केळं, त्याच्या मागून लवंग. मी १० पैकी ८ लिहिले. मित्राने वास घेतला आणि म्हणाला, "इसेन्स घातलंय रे यात! हे शिकरण आहे, बिअर नाही." दिले २.

मी समजावलं. या बिअरचं यीस्ट आंबताना आयसोअमाइल ॲसिटेट नावाचं रसायन तयार करतं, आणि पिकलेल्या केळ्याचा वासही त्याचाच असतो. लवंगेचा वासही यीस्टमुळेच येतो. बव्हेरियाच्या १५१६ च्या नियमात बार्ली, हॉप्स (बिअरला कडूपणा देणारी फुलं) आणि पाणी एवढंच होतं. पुढे गव्हाला मुभा मिळाली, इसेन्सला नाही. तेवढ्यात तिथला ब्रुअर, म्हणजे बिअर बनवणारा, आला, त्यानेही हेच सांगितलं, आत नेऊन टाक्या दाखवल्या. बाहेर आल्यावर मित्र म्हणतो, "त्याला माल खपवायचाय. आणि तू बिअर पीत नाहीस, पुस्तक पितोस." सगळ्या टेबलासमोर. त्यानंतर वर्षभर वही उघडली नाही.

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे: प्रत्येकाचे रकाने दोन हवेत. पहिला, बिअर तिच्या जातीप्रमाणे जमली का? दुसरा, मला आवडली का? दुसऱ्यात खुशाल शून्य द्या. पण केळ्याचा वास आवडत नाही म्हणून हेफेवायझेनचे पहिल्या रकान्यातले गुण कापायचे नाहीत. कारलं कडू लागलं म्हणून भाजी बिघडली, असं आईपुढे म्हणून बघा.

पहिल्या रकान्यासाठी बीजेसीपीचा (बिअर परीक्षकांना प्रमाणपत्र देणारी संस्था) ५० गुणांचा तक्ता वापरा: वास १२, रूप ३, चव २०, तोंडातला पोत ५, एकूण परिणाम १०. वासाला १२ आहेत, म्हणून बर्फगार ग्लासात चाखू नका. गारठ्याने वास मरतो. गुण कापायचेच असतील तर खऱ्या दोषांना कापा. लागरला लोण्यासारखा, पॉपकॉर्नसारखा वास आला तर तो डायॲसिटिल नावाच्या रसायनाचा, तो तिथे नको. माझा मित्र अशा बिअरला "गोडसर आहे" म्हणून ७ देतो, हे आणखी एक.

बाकी, आकडा लिहून झाल्याशिवाय कुणी तोंड उघडायचं नाही. जो आधी बोलतो त्याच्याकडे दुसऱ्याचा आकडा सरकतो, आमच्या वहीत हे पानोपानी दिसतं. हलक्यापासून सुरुवात, कडवट आयपीए आणि काळी स्टाउट शेवटी. मसाला शेंगदाणे नंतर.

हेही खरं की सगळ्यांची नाकं सारखी नसतात. एकाला जाणवलेली लवंग दुसऱ्याला खरोखर जाणवत नसेल. आणि चार-पाच छोट्या ग्लासांनंतर सगळंच चांगलं लागतं, तेव्हा वही मिटा आणि रिक्षाने घरी जा.

पण तुमचा मित्रही केळ्याला इसेन्स म्हणत असेल, तर त्याचा दुसऱ्या रकान्यातला आकडा तेवढा मान्य करा. मी तो २ अजून मान्य केलेला नाही.