संगणक-शंका : घुमणारी डिस्क आणि तापलेला प्रोसेसर

प्रश्न : मी डोंबिवलीला राहते आणि घरातल्याच एका खोलीत बोलक्या पुस्तकांचे ध्वनिमुद्रण व संपादन करते, अधूनमधून एखाद्या लघुपटाचे संकलनही करून देते. संगणक 2019 साली असेंबल करून घेतलेला आहे. त्यात रायझन 7 2700 प्रोसेसर व त्याच्यासोबतच मिळालेला पंखा, बी450 मदरबोर्ड, 16 जीबी रॅम, जीटीएक्स 1660 ग्राफिक्स कार्ड आणि 7200 फेऱ्यांच्या दोन हार्ड डिस्क आहेत. ध्वनिमुद्रणात एक घुमघुम सतत येते, ती मधूनच वाढते आणि ओसरते. शिवाय एखादा पंखा अचानक जोरात फिरू लागला की ते वाक्य पुन्हा वाचावे लागते. दुकानदाराच्या मते हे सगळे मोडीत काढून वॉटर कूलिंगचा नवा संगणक घ्यावा. तसे करणे खरोखर आवश्यक आहे का?

उत्तर : आवश्यक नाही. आपल्या पत्रात दोन निरनिराळे आवाज आहेत आणि आपल्या सरावलेल्या कानाने ते वेगळे करूनही सांगितले आहेत, त्यामुळे निम्मे काम झालेलेच आहे.

सतत येणारी घुमघुम बहुधा हार्ड डिस्कची असावी. मिनिटाला 7200 फेऱ्या म्हणजे सेकंदाला 120, आणि म्हणून अशा डिस्कचा हुंकार 120 हर्ट्झच्या आसपास असतो. आपल्याकडे तशा दोन डिस्क आहेत व त्यांच्या गतीत किंचित फरक असणार. किंचित बेसूर लागलेल्या तंबोऱ्याच्या दोन तारांमधून जशी लाट उठते, तशीच ही वाढती-ओसरती लाट आहे. डिस्क ज्या पत्र्याला स्क्रूने आवळलेली असते तो पत्रा, आणि कॅबिनेट टेबलावर असेल तर टेबलाची फळीसुद्धा, हा आवाज मोठा करून ऐकवते. खात्री करून घेण्यासाठी काही खोलण्याची गरज नाही. ज्या डिस्कवर विंडोज नाही ती काही मिनिटे वापरली गेली नाही तर बंद पडावी, अशी सोय विंडोजच्या वीजविषयक सेटिंगमध्ये आहे. तसे करून शांत बसावे. लाट थांबून सपाट हुंकार उरला, तर निदान पक्के झाले असे समजावे. स्त्रीच्या आवाजाचा मूळ स्वर साधारणपणे याहून वर असल्याने ही घुमघुम संपादनात बऱ्यापैकी गाळता येते, परंतु उद्या एखादा पुरुष वाचक माइकसमोर बसला की त्याचा स्वर नेमका याच पट्टीत पडेल आणि घुमघुमीबरोबर आवाजाचा भरदारपणाही गाळला जाईल. म्हणून चालू काम एसएसडीवर, म्हणजे फिरता भाग नसलेल्या साठवणीवर, हलवावे आणि दोन्ही डिस्क बाहेरच्या डब्यात बसवून, केवळ प्रत ठेवण्याच्या वेळी जोडाव्यात. माझ्या मते आपल्या खर्चातील पहिला रुपया येथेच जावा.

आता पंखा. शांत पंखा विकत मिळतो असा समज जाहिरातींनी रुजवला आहे, पण महागडा पंखाही पूर्ण वेगाने फिरवला तर गोंगाटच करतो. पंख्याने फेकलेली हवा त्याच्या वेगाच्या प्रमाणात बदलते. आवाज मात्र वेगाच्या जवळजवळ पाचव्या घाताने वाढतो. वेग निम्मा केला की हवा निम्मी होते, पण आवाज सुमारे 15 डेसिबलने उतरतो, आणि 10 डेसिबलची घट कानाला साधारण निम्म्या आवाजासारखी वाटते. याउलट एकाऐवजी तसेच दोन पंखे लावले तर आवाज फक्त 3 डेसिबलने वाढतो. म्हणजेच एक पंखा पूर्ण वेगाने पळवण्याऐवजी दोन पंखे निम्म्या वेगाने फिरवले, तर हवा जवळपास तितकीच मिळून आवाज सुमारे 12 डेसिबलने कमी होतो. मोठ्या पात्यांचे, मोठ्या संख्येने लावलेले आणि सावकाश फिरणारे पंखे शांत का असतात, याचे सगळे उत्तर या हिशेबात आहे. कॅबिनेटमध्ये जागा असेल तर 140 मिलिमीटरचे, नसेल तर 120 मिलिमीटरचे, दोन पुढे व एक मागे असे चार पिनचे (ज्यांचा वेग संगणक ठरवू शकतो असे) पंखे बसवावेत आणि समोरचा भाग जाळीदार आहे ना हे पाहावे. समोर सबंध काच असलेल्या देखण्या कॅबिनेटमध्ये हवा कडेच्या फटींतून ओढावी लागते व पंख्यांना नाहक धावावे लागते.

प्रोसेसरसोबत आलेला बुटका पंखा मात्र काढूनच टाकावा. त्या जागी उष्णतावाहक नळ्यांचा उंच हीटसिंक, म्हणजे प्रोसेसरची उष्णता हवेत सोडणारा धातूच्या पात्यांचा ठोकळा, बसवावा. अशा हीटसिंकची उंची बहुतेक वेळा 155 ते 165 मिलिमीटर असते, तेव्हा कॅबिनेटची रुंदी मोजल्याशिवाय खरेदी करू नये. झाकण लागत नाही म्हणून उघडे ठेवलेले कितीतरी संगणक मी पाहिले आहेत. जुना हीटसिंक काढताना एक धोका ध्यानात ठेवावा. आपल्या मदरबोर्डवरील एएम4 प्रकारच्या सॉकेटमध्ये (प्रोसेसर बसवण्याच्या खाचेत) प्रोसेसरच्या पिना खाली असतात आणि प्रोसेसर व हीटसिंक यांच्यामधली वाळलेली थर्मल पेस्ट इतकी घट्ट चिकटते की हीटसिंक सरळ वर ओढला तर प्रोसेसर सॉकेटमधून उपटून हातात येतो व पिना वाकतात. म्हणून आधी दहा-पंधरा मिनिटे एखादे जड काम चालवून पेस्ट कोमट होऊ द्यावी, मग संगणक बंद करून वीजजोड काढावा आणि हीटसिंक हलकेच डावी-उजवीकडे पिळून सुटा झाल्यावरच उचलावा.

पंखा मध्येच जोरात फिरू लागतो, तो बायोसमधील, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मदरबोर्डच्या मूळ प्रोग्रॅममधील, मांडणीमुळे. रायझन प्रोसेसरचे तापमान क्षणात दहा-पंधरा अंशांनी उडी घेते आणि लगेच खाली येते. पंखा प्रत्येक उडीमागे धावतो. कानाला स्थिर आवाजाची सवय होते, बदलता आवाज मात्र दर वेळी खुपतो, आणि माइकचेही तसेच आहे, कारण स्थिर आवाज संपादनात काढता येतो. बायोसमध्ये पंख्याचा वेग 65 अंशांपर्यंत एकसारखा कमी ठेवावा, त्यापुढे हळूहळू चढवावा आणि प्रतिसादाला काही सेकंदांचा विलंब द्यावा. या उपायाला एक पैसाही लागत नाही.

वेग वाढवायचा असेल तर बी450 मदरबोर्ड टाकून देण्याचे कारण नाही. 2016 साली आलेल्या त्याच्या एएम4 सॉकेटवर, बायोस अद्ययावत केल्यास, 5000 मालिकेतील प्रोसेसरही चालतात. आपल्या कामासाठी मी आठ गाभ्यांचा (कोअरचा) 5700एक्स सुचवेन. बारा गाभ्यांच्या 5900एक्सवर लघुपटाची अंतिम फाइल लवकर तयार होते हे खरे, पण त्याची अधिकृत उष्णता 65 ऐवजी 105 वॉट आहे आणि पूर्ण भारावर तो 142 वॉटपर्यंत जातो. वर्षातून चार लघुपटांसाठी रोजची शांतता घालवण्यात अर्थ नाही. मदरबोर्डच्या उत्पादकाच्या यादीत आपल्या नेमक्या मॉडेलसमोर हा प्रोसेसर आहे हे पाहावे, जुना प्रोसेसर जागेवर असतानाच बायोस अद्ययावत करावा आणि त्या वेळी संगणक यूपीएसवर असावा, कारण मध्येच वीज गेली तर मदरबोर्ड निकामी होऊ शकतो. रॅम 32 जीबी करताना जुन्या पट्ट्यांना नव्या जोडण्यापेक्षा 16 जीबीच्या दोन पट्ट्यांची जोडी घेणे बरे.

वॉटर कूलिंगविषयी दुकानदाराशी मी सहमत नाही. पाणी उष्णता नाहीशी करत नाही, ती केवळ रेडिएटरपर्यंत वाहून नेते, आणि तेथे तिला खोलीत सोडायला पंखेच लागतात. वर पंपाची बारीक कुरकुर संगणक रिकामा असतानाही चालूच राहते. 200 वॉटहून अधिक उष्णता सतत ओतणाऱ्या प्रोसेसरसाठी त्याचा उपयोग आहे, 65 वॉटच्या प्रोसेसरसाठी नाही. एसएमपीएस, म्हणजे संगणकाला वीज पुरवणारा डबा, बदलायचाच झाला तर 550 वॉटचा पुरेसा आहे. त्यावरील सोनेरी शिक्का कार्यक्षमतेचा असतो, शांततेचा नसतो. कमी भारावर ज्याचा पंखा पूर्ण थांबतो असा मागून घ्यावा.

हे सगळे करूनही कॅबिनेट टेबलाखाली, जाड रबरी तुकड्यांवर आणि माइकच्या पाठीच्या दिशेला ठेवावे. शक्य असल्यास भिंतीपलीकडे ठेवून वायरी आत घ्याव्यात, यूएसबी 2.0 ची वायर पाच मीटरपर्यंत चालते, आणि आवाजाच्या ध्वनिमुद्रणाला ती गती भरपूर आहे.

प्रश्न : मी नागपूरचा स्थापत्य अभियंता असून इमारतींच्या रचनेची मोठी गणिते घरीच करतो. माझा रायझन 9 7950एक्स मे महिन्यात कामाला लागताच 95 अंशांवर जाऊन बसतो. त्यात काही बिघाड आहे का? शिवाय 32 जीबीच्या दोन पट्ट्यांच्या जागी चार केल्यापासून रॅमची गती उतरली आहे.

उत्तर : बिघाड नाही. या मालिकेची आखणीच अशी आहे की थंडाव्याला वाव असेल तोवर प्रोसेसर वेग वाढवत जातो आणि 95 अंशांवर स्वतःला आवरतो. परंतु प्रत्येक हीटसिंक खोलीच्या तापमानाच्या वरचा फरक तेवढा सांभाळतो. हा फरक 55 अंशांचा असेल, तर 25 अंशांच्या खोलीत प्रोसेसर 80 वर राहील आणि 40 अंशांच्या खोलीत 95 वर. नागपूरच्या मे महिन्यापुढे कोणत्याही कंपनीचा हीटसिंक याहून वेगळे काही करू शकत नाही. म्हणून थंडावा वाढवण्याऐवजी उष्णता कमी करावी. मूळ मांडणीत हा प्रोसेसर 230 वॉटपर्यंत वीज घेतो. बायोसमधील इको मोडमध्ये 105 वॉटचा पर्याय निवडला की ती मर्यादा 142 वर येते आणि गणिताच्या वेळेत त्या मानाने थोडीच वाढ होते. शेवटचे काही मेगाहर्ट्झ मिळवण्यासाठीच सर्वांत जास्त वीज जळत असते. मी स्वतः असा संगणक बाराही महिने इको मोडवर ठेवला असता. एक सूचना विदर्भाच्या उन्हाळ्यासाठी : वाळ्याच्या कूलरचा झोत सरळ कॅबिनेटवर सोडू नये, कारण त्याबरोबर पाण्याचे तुषार व धूळ आत जाते.

रॅमच्या बाबतीत आपण काही चुकवलेले नाही. एएमडीने या प्रोसेसरसाठी जाहीर केलेली गती दोन पट्ट्यांसाठी 5200 आणि चार पट्ट्यांसाठी 3600 आहे. आपल्या गणिताला 96 जीबी पुरत असेल तर 48 जीबीच्या दोन पट्ट्या घेऊन गती परत मिळवता येईल. 128 जीबी खरोखर भरत असतील तर मंद रॅम पत्करावी, कारण रॅम अपुरी पडून एसएसडीवर ये-जा सुरू झाली की होणारा खोळंबा त्याहून कितीतरी मोठा असतो.

प्रश्न : रत्नागिरीच्या आमच्या घरी संगणकाच्या कॅबिनेटला अनवाणी असताना हात लावला की झिणझिण्या येतात आणि स्पीकरमधून गुणगुण ऐकू येते. एसएमपीएस बदलला तरी फरक नाही.

उत्तर : बदलून फरक पडणार नव्हताच, कारण दोष बहुधा घराच्या अर्थिंगमध्ये आहे. एसएमपीएसमध्ये फेज व न्यूट्रल या दोन्ही वायरींपासून धातूच्या अंगापर्यंत एकेक छोटा कपॅसिटर जोडलेला असतो. अर्थिंग नसले की कॅबिनेट 230 व्होल्टच्या मध्यावर, म्हणजे 115 च्या आसपास तरंगत राहते. प्रवाह अगदी थोडा असल्याने केवळ झिणझिण्या येतात, पण खरोखर कुठे वायर उघडी पडली तर ती गळती वाहून नेणारे काही नाही, म्हणून चालढकल करू नये. जाणकार वायरमनकडून सॉकेटच्या तिसऱ्या पिनेपासून थेट अर्थिंगच्या खड्ड्यापर्यंत तपासणी करून घ्यावी. जांभ्याच्या जमिनीत उन्हाळ्यात ओल टिकत नाही, तेव्हा त्या दिवसांत खड्ड्यात पाणी घालत जावे. सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ एकत्र जोडून देतो असे कोणी म्हणाल्यास त्याला परत पाठवावे. न्यूट्रलची वायर तुटल्याच्या दिवशी सगळे कॅबिनेट जिवंत होईल.

प्रश्न : मी कोल्हापूरला ॲनिमेशन शिकतो. नव्या ग्राफिक्स कार्डाचे पंखे थांबलेले असतानाही त्यातून चीं असा बारीक आवाज येतो. कार्ड जळेल का?

उत्तर : जळणार नाही. कार्डावरील तांब्याची वेटोळी बदलत्या विद्युतप्रवाहाबरोबर थरथरतात, त्याचा हा आवाज आहे. पडद्यावरील चित्रांची संख्या सेकंदाला 60 वर बांधून ठेवावी आणि कार्डाची वीजमर्यादा थोडी उतरवून पाहावी. बहुतेक वेळा आवाज कानाआड होतो. परत करण्याची मुदत शिल्लक असेल तर बदलून मागायला हरकत नाही, मात्र बदली कार्ड गप्पच असेल असे नाही, हे धरूनच दुकानात जावे.