पावसाळ्यात कोकणात नदीकाठच्या ऑफरोड पार्कमध्ये गाडी चालवून तिथेच तंबूत राहावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नवी थार घेतलीय, पुण्याहून बायको आणि आठ वर्षांच्या मुलाला घेऊन जुलैत चिपळूण-खेड भागातल्या एखाद्या नदीकाठच्या ऑफरोड पार्कमध्ये जायचंय. दिवसभर चिखलात गाडी चालवायची आणि रात्री काठावरच तंबू टाकायचा. जागा कशी निवडायची, तयारी काय करायची?

माझं घर वाशिष्ठी नदीच्या खालच्या अंगाला. वाडीच्या पलीकडे असा एक खासगी पार्क आहे आणि तिथे रुतलेल्या गाड्या ओढायला पावसाळाभर आमचा ट्रॅक्टर जातो. तेव्हा हे उत्तर गाडी बाहेर काढणाऱ्याचं आहे, घालणाऱ्याचं नाही. गाडी जरूर चालवा. जुलैत काठावर झोपू मात्र नका. जवळच्या वाडीत पक्क्या घरात खोली घ्या, तंबूची हौस दिवाळीनंतर भागवा. दोन्ही सुखं एकाच खेपेत उरकायला गेलात तर रात्रभर नदीकडे कान लावून पडाल.

आमच्या नद्या आखूड. सह्याद्रीच्या माथ्यापासून समुद्र सरळ रेषेत जेमतेम पन्नास-साठ किलोमीटर आणि उतार बहुतेक सगळा सुरुवातीलाच. घाटमाथ्यावर कोसळलं की काही तासांत ते पाणी आमच्याकडे पोचतं, आमच्याकडे तेव्हा ऊन पडलेलं असलं तरी. खालून भरती चढते, ती वाशिष्ठीत पार गोवळकोटपर्यंत, म्हणजे चिपळूणच्या वेशीपर्यंत येते. वरचा लोंढा आणि खालची भरती एका वेळी आली की पाणी तुंबतं. २२ जुलै २०२१ च्या पुरात आम्ही हे पाहिलंय. शिवाय वाशिष्ठीला कोयना वीजप्रकल्पाचं अवजल मिळतं. वरचे संच सुरू झाले की वीज करून झालेलं पाणी पोफळी-कोळकेवाडीकडून नदीत येतं, त्यामुळे पावसाचा थेंब नसताना, अगदी एप्रिल-मे महिन्यातसुद्धा पातळी दिवसात वरखाली होते. पुण्यातल्या माणसाला हे माहीत असायचं कारण नाही, पण पार्कवाल्याला माहीत असायलाच हवं. त्याला विचारा. त्याने हसण्यावारी नेलं तर दुसरा पार्क बघा.

पार्कवर पोचलात की काठावरच्या करंज-जांभळाच्या फांद्यांकडे बघा. पेंढा, प्लॅस्टिकच्या पिशव्या, एखादी फाटकी चप्पल अडकलेली दिसेल. मागच्या पुराचं पाणी तिथवर आलं होतं. आमच्याकडे हा कचरा कित्येक ठिकाणी माणसाच्या डोक्याच्या वर असतो आणि त्याच झाडाखाली ‘रिव्हर व्ह्यू टेंट’ची पाटी लावलेली असते. दिवाळीनंतर आलात तरी तंबू त्या रेषेच्या वरच टाका.

भरतीची वेळ मोबाइलवर मिळते, पण इथे जुने लोक तिथीची पाऊणपट करतात. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला अकरा-साडेअकराच्या सुमारास भरती पुरी. दिवसातून दोनदा, मध्ये साधारण सव्वाबारा-साडेबारा तास. खाडीत जितकं आत जाल तितका थोडा उशीर धरायचा. पौर्णिमा-अमावास्येच्या आगेमागे उधाण असतं, पाणी नेहमीपेक्षा वर येतं. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा जोर कमी. सुट्टी निवडायला वाव असेल तर भांगाचे दिवस धरा.

आता चिखल. तो सगळा सारखा नसतो आणि नवखे इथेच फसतात. वरच्या अंगाचा तांबडा चिखल जांभ्याचा. तो बेफाम घसरतो, पण वीत-दोन वितीखाली टणक लागतं. गाडी आडवी होईल, बांधावरून सटकेल, पण तळ सापडतो. शिकायला हाच बरा. खालचा काळा गाळ खाजणातला, म्हणजे भरतीचं पाणी चढतं त्या खाडीकाठच्या जमिनीतला. वरून सपाट, उन्हात भेगा पडलेला, माणूस चालून जातो इतका घट्ट दिसतो. काठी खुपसली की ती कोपरापर्यंत जाते आणि खाली काहीच लागत नाही. म्हणून गाडी घालण्याआधी उतरा, काठी घेऊन स्वतः चालून या. नव्या गाडीतून उतरून चिखलात पाय घालायचा लोकांना कमीपणा वाटतो, का ते देव जाणे.

पार्कच्या हद्दीबाहेर अशा गाळात एकाने ओहोटीला जिप्सी घातली होती. चारही चाकं जागच्या जागी फिरत होती आणि दर वेळी ॲक्सिलरेटर दाबला की गाडी चार बोटं खाली. आम्ही बांधावर ट्रॅक्टर लावून दोर टाकेपर्यंत भरती लागली. गाळाच्या भेगांमधून आधी नुसती ओल चढली, मग बुडबुडे, मग बारीक खेकडे बिळांतून बाहेर पळायला लागले. गाडी निघाली तेव्हा पाणी सीटला टेकलं होतं. खारं पाणी वायरिंगमध्ये शिरल्यावर त्या गाडीचं पुढे काय झालं असेल ते सांगायला नको. शिवाय कडेला कांदळवन असेल तर तिकडे चाक नेणं हा गुन्हा आहे, मग पार्कवाला ‘आपलीच जागा’ म्हणो की काही म्हणो. पार्कमधून थेट समुद्रकिनाऱ्यावर गाडी घालायचा मोह होईल, तोही आवरा. पोलीस गुन्हे नोंदवतात आणि वाळूत रुतलेल्या गाडीचे व्हिडिओ गावभर फिरतात ते वेगळेच.

चालवताना टायरची हवा कमी करा, चिखलाला अठरा ते बावीस पीएसआय पुरे. परत डांबरीवर चढण्याआधी भरायला पंप जवळ हवा. चढ-उताराला लो रेंज (फोर-व्हील-ड्राइव्हचे कमी वेगाचे, जास्त ताकदीचे गिअर), एका लयीत, मध्ये गिअर न बदलता. चाक फिरतंय पण गाडी हलत नाही असं दिसलं की पाय काढा. रुतलेली गाडी चालकाच्या हट्टानेच जास्त खोल जाते.

पाण्यातून जायची वेळ आली तर आधी माणूस पायी. थारला कंपनी साडेसहाशे मिलिमीटर खोली सांगते, ती साचलेल्या पाण्याची समजा. वाहत्या पाण्याचा हिशोब वेगळा: फूटभर ओढीचं पाणी छोटी गाडी हलवतं, दोन फुटांत जवळपास कुठलीही गाडी तरंगू लागते. पऱ्याला, म्हणजे ओढ्याला, पाणी लाल होऊन पालापाचोळा वाहायला लागला की वरून लोंढा निघालाय समजून मागे फिरा. इंजिन पाण्यात बंद पडलं तर परत स्टार्टर मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी गेलेलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो आणि खर्च लाखात जातो. साध्या विम्यात हे सहसा बसत नाही, ‘इंजिन प्रोटेक्ट’ घेतलंय का ते निघण्याआधी बघा.

ओढताना दोर टो-हुकला किंवा चासीच्या ठरलेल्या जागीच लावायचा. ट्रेलर जोडायच्या गोळ्याला कधीच नाही, तो तुटला तर बंदुकीच्या गोळीसारखा येतो. ताणलेल्या दोरावर ओलं पोतं टाका आणि मुलाला दोराच्या दुप्पट लांबीइतकं दूर उभं करा. मी ट्रॅक्टर सुरू करण्याआधी एवढंच बघतो, बाकी गाडी कशीही निघते.

मुलाबद्दल आणखी. त्याला गाडीत मागे पट्टा लावून बसवा, मांडीवर नाही. भाड्याने मिळणाऱ्या एटीव्हीवर (चार जाड चाकांची उघडी गाडी) पुढे बसवून फोटो काढायला पार्कवाले हौसेने देतात, नाही म्हणा. नदीत पोहायला सोडू नका. वाशिष्ठी, जगबुडी, सावित्री या तिन्ही नद्यांत मगरी आहेत. काठावर भांडी घासणं, कोंबडी-मासळी साफ करणं टाळा.

चिखलात उतरणाऱ्यांना लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या तापाची) भीती खरी आहे. उंदरा-गुरांच्या मुतातून तो पाण्यात येतो आणि पायावरच्या साध्या ओरखड्यातून शिरतो. जखम असेल तर झाकून गमबूट घाला. घरी गेल्यावर पंधरा-वीस दिवसांत ताप आणि पोटऱ्या दुखल्या तर डॉक्टरांना ‘कोकणात चिखलात होतो’ हे आपण होऊन सांगा, पुण्यात ते विचारणार नाहीत. प्रतिबंधक गोळी घ्यायची का, हेही निघण्याआधी त्यांनाच विचारा. बूट रात्री बाहेर ठेवलेत तर सकाळी झटकून घाला. कातळावर फुरसं हा विषारी साप आणि तांबडा विंचू दोन्ही आहेत. विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे औषध देऊन माणसं वाचवण्याचं काम महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी केलं, तेव्हापासून मरणं पुष्कळ कमी झाली, पण त्यासाठी लवकर दवाखान्यात पोचावं लागतं. जवळचं ग्रामीण रुग्णालय कुठे आहे ते आधीच बघून ठेवा.

तारखा ठरवताना गणपतीचा आठवडा वगळा. महामार्ग तुंबलेला असतो आणि तुम्हाला ओढायला येणारे आम्ही आरतीत असतो. माझ्या मते सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा सगळ्यात चांगला. चिखल शिल्लक असतो, नदी उतरलेली असते. फक्त परतीच्या पावसात दुपारनंतर विजा होतात, तेव्हा चारपर्यंत गाडी बाहेर काढायची.

आणि गाडी नदीत नेऊन धुऊ नका. आमच्या नळपाणी योजनेची विहीर खाली त्याच पात्रात आहे. पार्कवर पाइप असतो, तिथे खालून नीट धुवा, ब्रेक आणि रेडिएटरच्या जाळीतला गाळ ओला असतानाच काढा. वाळल्यावर तो टोकरून काढावा लागतो.